खाल्ल्या मिठाला

रमजानमध्ये एकदा तरी मोहम्मद अली रोडला जायचं, हा माझा कॉलेजपासूनचा नेम. मशीद बंदरला उतरायचं आणि गर्दी नेईल तिकडे चालायचं. मिनारा मशिदीची रोषणाई दिसली की पोहोचलो. डोक्यावर जे.जे. फ्लायओव्हर, खाली सीख कबाबचा धूर, बाजूच्या गल्लीत भल्यामोठ्या कढईत तळला जाणारा मालपुवा. दरवर्षी त्याचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, ‘हीच खरी मुंबई.’ लाइक्स येतात, मलाही बरं वाटतं.

यंदा ते वाक्य लिहिता आलं नाही. का, ते सांगतो.

माझ्या टीममधला एक मित्र मूळचा चिपळूणचा. मागच्या वर्षी तो ठाण्यात भाड्याने घर शोधत होता. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक वन बीएचके रिकामा होता, मालकांचा नंबर मीच दिला. मालक तयार होते. दोन दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : भाडेकरू ठेवताना ‘आपल्या सोसायटीचं वातावरण’ लक्षात घ्यावं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

मी चार ओळी टाइप केल्या, वाचल्या आणि डिलीट केल्या. आईबाबांना इथेच राहायचंय, उगाच त्यांना त्रास नको, असं स्वतःला समजावलं. मित्राला सांगितलं, “अरे, तो फ्लॅट गेला.” तो “बरं” म्हणाला आणि मुंब्र्याला राहायला गेला.

यंदा तोच म्हणाला, “दरवर्षी एकटा जातोस, या वेळी मी नेतो.” ऑफिस सुटल्यावर ठाण्याहून स्लो लोकल पकडली. मी प्लॅटफॉर्मवर वडापाव खाऊन घेतला होता. त्याच्या पोटात पहाटेच्या सहरीनंतर पाण्याचा थेंबही नव्हता. भांडुपच्या आसपास रोजा सोडायची वेळ झाली. त्याने मोबाइलवर पाहिलं, एक खजूर तोंडात टाकला आणि डबा पुढे केला. आधी माझ्यापुढे, मग शेजारच्या काकांपुढे, मग दारातल्या पोरांपुढे. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी एकेक घेतला.

मिनाराला तो आत नमाजला गेला, मी दोघांच्या लॅपटॉपच्या बॅगा सांभाळत बाहेर उभा राहिलो. मग नळी निहारी झाली, बैदा रोटी झाली, रबडी घातलेला मालपुवा झाला. एकदाही त्याने मला पैसे देऊ दिले नाहीत. म्हणाला, “रोजेदाराला जेवू घालणाऱ्यालाही रोज्याचं पुण्य मिळतं, असं आमच्यात मानतात. इथे सगळं उलटंच चाललंय.” तो हसला. मला नीट हसता आलं नाही.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. एकत्र खाल्ल्याने नेमकं काय होतं?

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटं समोर आली. पुढे त्यावरून एवढा वाद पेटला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि टिळक, रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी! आज हे वाचून हसू येतं. पण त्या काळी दुसऱ्याच्या हातचं खाणं म्हणजे काहीतरी पणाला लावणं होतं. खाल्लंत की जात, नातेवाईक, मुलीचं लग्न, सगळं धोक्यात.

मी पणाला काय लावलं? लोकलचं तिकीट. निहारी खाल्ली म्हणून मला कुणी वाळीत टाकणार नाही. उलट कौतुकच होतं. रोटी-बेटी व्यवहारातली रोटी आता सोपी झाली आहे, कारण तिची किंमत आधीच्यांनी मोजली. आणि सोपी झाली म्हणूनच तिच्यावरून माझ्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. आज किंमत मोजायची जागा मोहम्मद अली रोड नाही. ती सोसायटीचा ग्रुप आहे, आणि तिथे मी गप्प होतो.

मग हे खाणं फुकटच म्हणायचं का? मला तसंही वाटत नाही. आपल्याकडे ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ म्हणतात. ज्याचं खाल्लं त्याचं आपण काही देणं लागतो. इतकी वर्षं मी इथे जे खात होतो त्याचं बिल भरून मोकळा होत होतो. लोकलमधल्या खजुराचं बिल नव्हतं. दिवसभर उपाशी असलेल्या माणसाने भरल्या पोटाच्या माणसाला दिलेला तो खजूर होता. देणं लागतो हे मला तिथे कळलं.

शेवटी मातीच्या वाटीतली फिरनी आली, तेव्हा म्हणालो, “तो फ्लॅट गेला नव्हता.”

“माहितीये,” तो म्हणाला. “मालकांनी त्याच रात्री फोन केला होता.” मग वाटी खरवडत, “आटप लवकर. मला मुंब्र्याला पोहोचायचंय.”

त्याने माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. माफीसुद्धा त्याच्याच खिशातून घ्यायची, हे बरं दिसलं नसतं.

परतीच्या गाडीत ग्रुप उघडला आणि त्या चार ओळी पुन्हा लिहिल्या. या वेळी पाठवल्या. सकाळपर्यंत एकच उत्तर होतं : हा विषय मीटिंगमध्ये घेऊ. बाबांनी विचारलं, “गरज होती का?” लिफ्टमध्ये एक काकू बोलल्या नाहीत. एवढीच किंमत होती, आणि वर्षभर मी तिलाच घाबरत होतो.

मित्र अजून मुंब्र्यालाच राहतो. मालपुव्याचा फोटो मी टाकला नाही.