किती पुरे?

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी परवा भाची आली ती नोकरीचा राजीनामा देऊनच. “मावशी, मी कंपनी काढतेय. आजीच्या पाटल्या गहाण ठेवू देशील?” पाटल्या माझ्या कपाटात, तेव्हा उत्तर मलाच देणं भाग होतं.

तिचा गुरू अमेरिकेतला पॉल ग्रॅहम. त्याने आपली कंपनी १९९८ मध्ये याहूला विकली, २००५ मध्ये जेसिका लिव्हिंग्स्टन आणि इतर साथीदारांसह वाय कॉम्बिनेटर काढलं. नव्या उद्योजकांसाठी तो निबंध लिहितो. लोकांना खरोखर हवं तेच बनवा, सुरुवातीला एकेका गिऱ्हाइकाकडे स्वतः जा, हे त्याचं सांगणं. मैत्रिणींनो, यात परकं काय आहे? पापड-खाखऱ्याचे डबे घेऊन आपल्या बायका दुसरं काय करत आल्या? आपल्याच वडोदऱ्यात १९०७ साली रसायनशास्त्राचे प्राध्यापक गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेम्बिक काढली, तीही टिंक्चरं आणि अल्कोहोल अशा रोजच्या गरजेच्या मालापासून.

पण ग्रॅहम पुढे म्हणतो, स्टार्टअप म्हणजे वेगाने वाढण्यासाठीच काढलेली कंपनी. इथे माझं मन अडलं. श्रावकाचं पाचवं अणुव्रत परिग्रह-परिमाणाचं. धंदा करू नका असं ते सांगत नाही. आपली मर्यादा आधी ठरवा, एवढंच सांगतं. चार घरांना काम मिळालं तर ती वाढ चांगलीच. पण आकडा फुगवायला नको ती वस्तू कुणाच्या गळ्यात मारली, हाताखालच्या मुलीची झोप हिरावली, तर तो परिग्रहच. कंपनीच्या नावावर टाकला म्हणून दोष पुसला जात नाही.

भाची म्हणाली, “पैसे लावणारे थांबू देत नाहीत गं.”

“म्हणूनच त्यांच्याकडे जायच्या आधी लिहून ठेव. काय विकणार नाहीस, स्वतःसाठी किती घेशील.”

तिने वहीत आकडा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मी पाटल्या आणायला उठले. कपाट उघडताना लक्षात आलं, या पंचवीस वर्षं इथे नुसत्या पडून आहेत. मर्यादा मी तरी कुठे लिहिली होती? पाटल्या तिच्या हातात दिल्या आणि वहीचं एक कोरं पान मागून घेतलं.