घर कोणी सोडायचं?

परसात मधमाश्या पाळणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, "चावतात का हो?" आणि दुसरा, "मध किती निघतो?" पहिल्याचं उत्तर माझ्या कानाच्या पाळीकडे पाहून त्यांना मिळतं. दुसऱ्याचं ऐकून ते हिरमुसतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे डबे असतात आणि मी बाटल्यांची भाषा बोलतो. साताऱ्यात आमच्या घरामागे आंब्याखाली दोन पेट्या आहेत. माशी सातेरी, अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक पोळी बांधणारी आपली देशी. तिच्याकडून डब्यांची अपेक्षा करू नये.

मला छळतो तो तिसराच प्रश्न, आणि तो नीतिशास्त्रातला आहे. म्हातारी राणी घर सोडून निघाली, तर तिला अडवावं का?

'राणी' या नावावर जाऊ नका. युरोपात तर कित्येक शतकं तिला राजाच समजत. १६०९ साली चार्ल्स बटलर नावाच्या इंग्रज पाद्र्यानं ती बाई आहे असं पुस्तक लिहून ठासून सांगितलं. पण बाई असली तरी राज्य ती करीत नाहीच. तिच्याकडे खातं एकच, अंडी घालण्याचं. बाकी सगळा कारभार कामकरी माश्यांचा. राणी घडवतात त्याही त्याच. एकाच जातीच्या अंड्यातून कामकरीण निघते किंवा राणी. फरक फक्त खाऊ काय घातलं याचा. (हे वाक्य मी घरात मोठ्यानं म्हणत नाही. मला दोन मुलगे आहेत.)

फुलोरा वाढला की पेटीत मध, पराग आणि पिल्लं यांची दाटी होते. मग कामकरणी पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरं बांधतात. त्यात नव्या राण्या वाढू लागतात. इकडे म्हातारीचा खुराक कमी होतो, कारण जड अंगानं उडता येत नाही. राणीघरांची तोंडं बंद झाली की एखाद्या स्वच्छ दिवशी ती सुमारे निम्मी प्रजा घेऊन बाहेर पडते. निघणाऱ्या माश्या पोटात मावेल तेवढा मध घेतात. बांधलेली पोळी, उरलेला साठा, पाळण्यातली पिल्लं, सगळं मागे राहतं. अजून जन्मालाही न आलेल्या लेकीसाठी.

शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना हे सांगितलं, तर त्यांचे डोळे पाणावले. "केवढा त्याग! याला म्हणतात वानप्रस्थ!"

आता, जेवण तोडून, वजन उतरवून जिला दाराशी आणली, तिला त्यागमूर्ती म्हणणं मला जड जातं. शिवाय राम वनवासाला निघाला तेव्हा अयोध्येची माणसं तमसेच्या काठापर्यंतच गेली. इथे निम्मी अयोध्या कायमची जाते.

आणि नेमकं हेच पाळणाऱ्याला सोसत नाही. निम्म्या माश्या गेल्या की बाटल्याही गेल्या. त्यावर उपाय आहेत. राणीघरं दिसतील तशी मोडून टाकायची. किंवा पेटीच्या दाराला क्वीन गेट नावाची जाळी लावायची. तिच्यातून कामकरीण सुटते, राणीचं थोराड अंग अडतं. ती जाळी माझ्याकडेही आहे, खुंटीला टांगलेली. लावायला मात्र हात होत नाही. पेटी माझी, हे खरं. सुताराचं बिल माझ्या नावावर आहे. १८५२ साली लँगस्ट्रॉथनं सुट्या चौकटींच्या पेटीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून पोळं न मोडता मध काढणं सोपं झालं, आणि आपण दरोडेखोराचे घरमालक झालो. घरमालकानं भाडं जरूर घ्यावं. पण भाडेकरू निघून जाईल म्हणून बाहेरून कडी घालणारा घरमालक साऱ्या महाराष्ट्रात मी एकटाच ठरेन!

म्हणून मी वाटणी करतो. राणीघरं दिसली की म्हातारीला काही चौकटींसकट, म्हणजे तिची माणसं, पिल्लं आणि शिधा देऊन, दुसऱ्या पेटीत हलवतो. जुनं घर लेकीला. ना कोर्ट, ना वकील. आणि जांभळीचा बहर संपला की मध काढताना हात आखडता घेतो, कारण पुढे चार महिने पावसाचे. सगळा मध काढून माश्यांना साखरेचा पाक पाजता येतो. पण ते म्हणजे पाहुण्याची पुरणपोळी उचलून त्याला पाव देण्यासारखं वाटतं.

"ही तडजोड झाली, नीती नव्हे," असं हेडमास्तर म्हणतात. असेल. माझ्या बाटल्या शाबूत ठेवून केलेली आहे, हे मलाही दिसतं. पण त्या म्हातारीची एक गोष्ट मनातून जात नाही. ती जाते ती घर भरलेलं असताना. बाहेर फुलं आहेत, आत मध आहे, तेव्हा. आपण किल्ल्या देतो त्या कपाट रिकामं झाल्यावर, किंवा हात थरथरू लागल्यावर. आणि मग सुनेला त्यांचं अप्रूप राहत नाही, आणि आपल्याला उडायचं बळ.

परवा हा विचार सौभाग्यवतींना बोलून दाखवला. म्हटलं, आपणही घर भरलेलं असतानाच वरच्या खोलीत जावं आणि खालचं मुलांना द्यावं.

"चला की," ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "पण तुमच्या राणीबरोबर निम्मी माणसं निघतात. तुमच्याबरोबर कोण येणार?"

मी मनातल्या मनात मोजदाद केली. ती स्वतः येईल, असं धरून चालतो. मांजराचं अजून नक्की नाही.