आळस कोणता आणि थकवा कोणता?

पहांटे साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढूं लागलें, म्हणजे अंधारांत पुढून मागून पावलांचे आवाज ऐकूं येतात. त्यांत कांहीं हौशी धांवणारे असतात. २०१२ सालापासून या घाटांत डोंगरी अर्धमॅरेथॉन भरूं लागली, तिची तयारी ते करितात. परंतु पुष्कळसे शेतकऱ्यांचे व मजुरांचे मुलगे असतात, आणि त्यांच्या डोळ्यांपुढें पोलीसभरती असते. तासगांव-पलूसकडील रस्त्यांवरहि हेंच दृश्य. १६०० मीटर धांव, १०० मीटर धांव आणि गोळाफेक यांच्या गुणांवर घरचें कर्ज, बहिणीचें लग्न आणि आईबापांचें म्हातारपण टांगलेलें असतें. अशा मुलास, “बाबा, तूं फार मेहनत करितोस,” असें सांगणें सोपें नाहीं. तो उलट विचारील, “मग गुरुजी, आळस करावा काय?”

वाचकहो, हा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. उद्योगाची स्तुति व आळसाची निंदा आम्हीं लहानपणापासून ऐकली आहे, आणि ती योग्यच आहे. माण तालुक्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकमध्यें ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरींत पोंचल्या, त्या कांहीं अंथरुणांत पडून नव्हे. तथापि या शिकवणुकीच्या पोटांतून एक चूक जन्मास येते. थकवा म्हणजे मनाचा दुबळेपणा, आणि तो दाबून टाकणें हाच पुरुषार्थ, असें आपण समजूं लागतों. मग ज्या चिकाटीनें मुलगा वर चढला, तीच चिकाटी शरीराचा शब्द त्याच्या कानीं पडूं देत नाहीं. आळशी मनुष्याला हें संकट कधींच येत नाहीं; तें सद्गुणी मनुष्यालाच येतें.

आळस आणि थकवा हे दोघेहि पहांटे अंथरुणांत सारख्याच आवाजानें बोलतात. दोघेहि म्हणतात, “आज नको.” त्यांची पारख अंथरुणांत होत नाहीं, वाटेवर होते. उठावें, दहा मिनिटें चालावें, अंग मोकळें करावें. आळस असेल तर तो पहिल्या घामाबरोबर निघून जातो आणि मनुष्य हुशार होतो. खरा थकवा असेल तर पाय अधिकच जड होतात, आणि गेल्या आठवड्यांत जी चाल सहज वाटे तिलाच धाप लागते. अशा दिवशीं परत फिरावें. काल धांवणें हें जसें कर्तव्य होतें, तसें आज परतणें हें कर्तव्य आहे. आणि माझ्या मतें तें अधिक कठीण आहे, कारण त्याला कोणी शाबासकी देत नाहीं.

ही गोष्ट नवी नव्हे. आपल्या जुन्या वैद्यांनीं व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा असें सांगितलें. श्वास तोंडावाटें येऊं लागला म्हणजे अर्धें बळ खर्च झालें, असें सुश्रुताचें माप. वाग्भटानें तर अतिव्यायामापासून होणाऱ्या रोगांची यादीच दिली आहे, आणि असा मनुष्य हत्तीला ओढूं पाहणाऱ्या सिंहाप्रमाणें नाश पावतो असें म्हटलें आहे. शर्यतीची तयारी करणाऱ्यास कधीं कधीं अर्ध्या शक्तीच्या पुढें जावें लागतें, हें खरें. पण मग त्यानें विश्रांतीहि त्या मानानें घ्यावी. धांवतांना स्नायु बळकट होत नसतात, ते झिजतात. बळ येतें तें नंतर, अन्नानें व झोपेनें झीज भरून निघते तेव्हां.

कृष्णाकांठच्या शेतकऱ्यास हें समजाविण्याची गरज नसावी. पाणी दिल्यावर वाफसा येऊं द्यावा लागतो. अधिक पाणी म्हणजे अधिक ऊस अशा समजुतीनें मिरज-वाळव्याकडे पाट वाहत राहिले, आणि पुष्कळ काळी जमीन क्षारपड झाली. पाणी वाईट नव्हतें, हेतुहि वाईट नव्हता.

आणखी एक हिशेब बहुधा चुकतो. मुलगा पहांटे धांवतो, दिवसभर उसाच्या मोळ्या वाहतो, सायंकाळीं पुनः मैदानावर जातो, आणि म्हणतो, “मी दोनच तास व्यायाम करितों.” शरीराच्या वहींत शेताचें खातें व मैदानाचें खातें निराळें नसतें.

म्हणून कांहीं खुणा ध्यानांत धराव्या. सकाळीं उठण्यापूर्वीं पडल्यापडल्या मनगटावरची नाडी मोजावी. नेहमींपेक्षां ती कांहीं दिवस सतत जलद लागली, तर थांबून विचार करावा. अंग थकलेलें पण झोप येत नाहीं, भूक मंदावली, सर्दी हटत नाहीं, मेहनत वाढली तरी वेळ सुधारण्याऐवजीं बिघडतो, नडगीच्या हाडावर एका ठिकाणीं बोट ठेवतांच कळ येते, मुलींची मासिक पाळी बंद होते. यांपैकीं एखादी खूण टिकून राहिली तरी उपेक्षा करूं नये. आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, छातींत दुखलें किंवा भोंवळ आली, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. सर्वांत आधीं दिसणारी खूण मात्र स्वभावाची असते. शांत मुलगा घरांत चिडचिड करूं लागतो, आणि एक दिवस चुकला तर अपराध्यासारखा तोंड लपवितो. ही त्याची त्याला दिसत नाहीं, त्याच्या आईला दिसते.

कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांची हकीकत या संबंधानें आठवते. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें; स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेथें एका लांबलेल्या कुस्तीनंतर त्यांना लगेच दुसऱ्या मल्लाशीं उतरावें लागलें, असें सांगतात. दोन कुस्त्यांच्या मध्यें अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो दाखवून देण्यास आपल्याकडचा एकहि अधिकारी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. एवढा बळकट मल्ल, पण “याला विसावा द्या” हें शब्द दुसऱ्यानेंच उच्चारावे लागतात.

एलीया यिज्रेलपर्यंत रथापुढें धांवला आणि थोड्याच काळानें रतामाच्या झुडपाखालीं मरण मागत पडला, हें आपण मंडळींत वाचतों. देवदूतानें त्याला प्रथम बोध केला नाहीं. भाकर दिली, पाणी दिलें, आणि पुनः निजूं दिलें. उपदेशक बंधूंनो, तुमच्या वस्तींतला जो मुलगा भरतीसाठीं धांवत आहे, त्याला या आठवड्यांत किती मिनिटांत धांवलास हें सगळेच विचारतील. तुम्ही विचारा, “काल रात्रीं झोप लागली का रे?”