खबर आणि शहादत

उर्दूत ‘शहादत’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक अर्थ हौतात्म्य, दुसरा साक्ष. युद्धाच्या बातम्यांत पहिलाच अर्थ कानावर पडतो, कारण दोन्ही बाजू आपापल्या मेलेल्यांना शहीद म्हणतात. दुसऱ्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पण जो रणांगणावर नाही, ज्याच्या हातात बंदूक नाही, ज्याचा सल्ला कोणी विचारत नाही, अशा माणसाच्या वाट्याला हा दुसरा अर्थच येतो. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात बसून युरोपातल्या युद्धाच्या बातम्या वाचणारे आम्ही त्यातलेच. अशा वाचणाऱ्यावर काही नैतिक जबाबदारी येते काय, की बातमी वाचली, दोन उसासे टाकले आणि कामाला लागलो, एवढ्यावर त्याची सुटका होते?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा भूगोलाच्या तासाला नकाशा उघडण्याआधीच मुलांचा प्रश्न आला, ‘सर, जीत कौन रहा?’ मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. टीव्हीवर त्यांनी जे पाहिले तेच ते विचारत होते. पडद्यावर सायरन वाजत होते, रणगाड्यांची चित्रे धावत होती, निवेदक क्रिकेटचे समालोचन करावे तसे ओरडत होते. खार्किवमध्ये १ मार्च २०२२ रोजी कर्नाटकचा एक वैद्यकीय विद्यार्थी मारला गेला, तेव्हा सारा देश हळहळला. त्या युद्धातून सुमारे २२,५०० भारतीय सुखरूप परत आणले गेले, ही मोठीच गोष्ट होती. पण आपली मुले परतली आणि त्यांच्याबरोबर आपले लक्षही परतले. तिथे राहिलेल्यांचे पुढे काय झाले, हे विचारणारे थोडे उरले.

तमाशबीन आणि साक्षीदार यांत फरक कोणता? दोघेही पाहतात. पण तमाशबिनाला निकाल हवा असतो आणि साक्षीदाराला घडले ते जसेच्या तसे सांगायचे असते. तमाशबीन कंटाळला की उठून जातो. साक्षीदाराला तशी मुभा नसते.

आता कोणी म्हणेल, हे युद्ध हजारो मैलांवरचे, आमचा त्याच्याशी संबंध काय? तर आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. आज त्या मॉइलच्या आहेत. या कंपनीचे मूळ १८९६ साली मध्य प्रांतातले मँगनीज काढण्यासाठी उभ्या राहिलेल्या एका ब्रिटिश कंपनीत आहे. पोलादाला मँगनीज लागते आणि तोफेला पोलाद. युक्रेनमध्ये नीपर नदीच्या काठी निकोपोल नावाचे शहर आहे. त्याचीही ओळख मँगनीजचीच. जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक तिथे आहे. त्या शहराच्या समोर, पलीकडच्या काठावर झापोरिझ्झियाचे अणुवीज केंद्र आहे. ते मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने ताब्यात घेतले आणि त्या वर्षीच्या जुलैपासून पलीकडच्या काठावरून निकोपोलवर तोफगोळे पडू लागले. म्हणजे तुमसरच्या खाणीतला मजूर आणि निकोपोलच्या खाणीतला मजूर यांच्या हाताला एकच काळी धूळ लागते. एकाच्या घरावर गोळा पडतो, दुसऱ्याच्या घरावर पडत नाही, एवढाच फरक.

पाण्याचेही तसेच. ६ जून २०२३ रोजी नीपरवरचे काखोव्का धरण फुटले. खालच्या अंगाला खेरसोनच्या वस्त्या बुडाल्या आणि वरच्या अंगाला जलाशय रिकामा होऊन निकोपोलसारख्या शहरांचे पिण्याचे पाणी गेले. भंडाऱ्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचे पाणी शहरात शिरले होते, लोक गच्चीवर बसून होते. गोसेखुर्दच्या फुगवट्यामुळे गावे उठवली गेली, तेही या जिल्ह्याने पाहिले आहे. आपल्याकडचे पाणी पावसाने आणि धरणाच्या दरवाजांनी आणले, तिकडचे युद्धाने आणले. पण छातीएवढ्या पाण्यातून म्हातारीला पाठुंगळी नेणारा माणूस दोन्हीकडे सारखाच असतो.

आणि तिसरी गोष्ट बारुदाची. जवाहरनगरचा आयुध कारखाना हा या जिल्ह्याच्या भाकरीचा भाग आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट झाला आणि ८ जण मरण पावले. त्या दिवशी जिल्ह्याला पुन्हा कळले, की स्फोटके शत्रू आणि मित्र ओळखत नाहीत, बनवणाऱ्यालाही ओळखत नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली होती, की भारतात बनलेले तोफगोळे युरोपीय खरेदीदारांमार्फत युक्रेनला पोहोचले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ती बातमी अंदाजावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी असल्याचे म्हटले. भंडाऱ्याचा माल त्यात होता असे त्या बातमीत नव्हते, आमचेही तसे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच, की ज्या जिल्ह्यात बारूद तयार होते त्या जिल्ह्याने बारूद कुठे जाते आणि काय करते, हे विचारणे गैर नाही. कामगाराच्या पोटावर पाय न देताही हा प्रश्न विचारता येतो.

इथपर्यंत बहुतेक वाचक सहमत होतील. अवघड भाग पुढे आहे आणि तो आमच्या समाजाशी संबंधित आहे, म्हणून तो आम्हीच बोलायला हवा.

युरोपातल्या युद्धाच्या बातम्या हिंदुस्थानी मुसलमान आज पहिल्यांदा वाचत नाही. १९१२ साली बाल्कन युद्ध पेटले, तेव्हा मौलाना आझादांचे ‘अल-हिलाल’ कलकत्त्याहून नुकतेच निघू लागले होते. मौलाना मुहम्मद अलींचे ‘कॉम्रेड’ होते. त्या पत्रांतली प्रत्येक बातमी लोक जिवाच्या आकांताने वाचत. तुर्कस्तानसाठी पैसे गोळा झाले आणि डॉ. मुख्तार अहमद अन्सारी वैद्यकीय पथक घेऊन तुर्कस्तानला गेले. वाचलेल्या बातमीचे रूपांतर मलमपट्टीत झाले, हे त्या पिढीचे मोठेपण. पुढे १९९२ ते १९९५ या काळात बोस्नियाचे युद्ध झाले. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे ८,००० हून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्या बातम्यांनी आमच्या मोहल्ल्यांत घरोघरी दुआ झाल्या.

मग युक्रेनच्या वेळी काय झाले? चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेरच्या गप्पांत एक वाक्य वारंवार ऐकू येई : ‘गोरों की जंग है भाई, हमें क्या?’ या वाक्यामागे निव्वळ बेपर्वाई नाही, एक जखम आहे, हे मान्य केले पाहिजे. २००३ साली इराकवर हल्ला झाला तेव्हा आंतरराष्ट्रीय कायद्याची आठवण किती राजधान्यांना झाली? युक्रेनच्या निर्वासितांना युरोपने दारे उघडली, तीच दारे सीरियाच्या निर्वासितांना अर्धीच उघडली होती. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात जे झाले, तेव्हा मानवी हक्कांची भाषा अनेकांच्या तोंडी अडखळली. ही तक्रार खरी आहे आणि ती मांडलीच पाहिजे.

परंतु खऱ्या तक्रारीतूनही चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. ‘त्यांनी आमच्या मुलांसाठी अश्रू ढाळले नाहीत, म्हणून आम्ही त्यांच्या मुलांसाठी ढाळणार नाही,’ असे म्हणताना आपण ज्या दुटप्पीपणाला दोष देतो, तोच आपल्या घरात आणतो. शिवाय बुचामध्ये रस्त्यावर पडलेल्या माणसाने इराकचा निर्णय घेतलेला नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या हत्यांचा आपल्या देशाने संयुक्त राष्ट्रांत निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीला पाठिंबा दिला. त्याआधी २ मार्चच्या आमसभेतील ठरावावर मात्र भारत तटस्थ राहिला होता. ठरावाच्या बाजूने १४१ देश, विरोधात ५ आणि तटस्थ ३५ होते. राज्याला तेल, शस्त्रे, शेजारी असे अनेक हिशेब असतात, त्यामुळे त्याचे तटस्थ राहणे समजू शकते. सामान्य माणसाला असा कोणता हिशेब आहे, की त्याच्या मनानेही तटस्थ राहावे?

‘आपले’ आणि ‘परके’ अशी वाटणीही इथे टिकत नाही. क्रिमियाचे तातार मुसलमान आहेत. १८ मे १९४४ रोजी स्टालिनच्या हुकमाने त्यांची अख्खी कौम, सुमारे १ लाख ९० हजार माणसे, मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात पाठवण्यास सुरुवात झाली. चार दशकांनंतर ते परतू लागले, तर २०१४ मध्ये रशियाने क्रिमियाच घेतला. २०१६ मध्ये त्यांच्या ‘मेजलिस’वर बंदी आली. सप्टेंबर २०२३ पासून जुलै २०२५ पर्यंत युक्रेनचे संरक्षणमंत्री असलेले रुस्तेम उमेरोव तातारच. आणि चेचेन मुसलमान तर दोन्ही बाजूंनी लढले. मग कोणाच्या बाजूने दुआ मागायची? तरीही आम्हांला वाटते, की हा पुरावा देण्याची वेळ यावी हेच दुःखद आहे. मेलेल्यांत कोणी तातार सापडला तरच ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, त्याचे दुःख माणसासाठी नसते, ते नावासाठी असते.

साक्षीदाराचे दुसरे कर्तव्य तहकीक. बातमी घेऊन येणारा भरवशाचा नसेल तर आधी खात्री करा, ही ताकीद आपण लहानपणापासून मक्तबात ऐकत आलो. या युद्धात तिची परीक्षा रोज झाली. ‘आर्मा ३’ नावाच्या संगणकीय खेळातली दृश्ये खरी लढाई म्हणून मोबाइलवर फिरली. कीव्हच्या आकाशात एकट्याने अनेक विमाने पाडणारा वैमानिक जगभर गाजला आणि ३० एप्रिल २०२२ रोजी युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितले, की ती दंतकथा आहे. म्हणजे ज्याच्याविषयी सहानुभूती वाटते त्याचीही बातमी तपासावी लागते. आणि तपासणे म्हणजे ‘दोन्हीकडे खोटे बोलतात’ असे म्हणून हात झटकणेही नव्हे. काखोव्का धरणाबाबत दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले, पण धरण त्या वेळी कोणाच्या ताब्यात होते, तर रशियाच्या. हेही साक्षीत आलेच पाहिजे. कोणी कोणाच्या भूमीत सैन्य नेले, हेही.

या तहकिकीचा आपल्या दाराशी काय संबंध, हे एका सरकारी कागदाने दाखवून दिले. २३ एप्रिल २०२२ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना भडक आणि खोट्या बातम्यांबद्दल समज देणारे पत्रक काढले. त्यात उदाहरणे दोन विषयांची होती. एक युक्रेनचे युद्ध आणि दुसरे वायव्य दिल्लीतल्या घटना, म्हणजे जहांगीरपुरीचा तणाव. जो पडदा दूरच्या युद्धाचा तमाशा करतो, तोच जवळच्या गल्लीचाही करतो. ज्या श्रोत्याला पहिला तमाशा गोड लागला, तो दुसऱ्यावर चटकन विश्वास ठेवतो. अफवेची झळ कोणाच्या घराला आधी लागते, हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. म्हणून दूरच्या बातमीत प्रामाणिक राहणे ही जवळच्या बातमीची तालीम आहे.

उरतो नेहमीचा आक्षेप. ‘मास्तर, तुम्ही समजून घेतल्याने लढाई थांबणार आहे का?’ थांबणार नाही. पण समजून घेण्याचा काहीच उपयोग नाही, असेही नाही. नोकरीच्या आमिषाने रशियात नेलेली आपल्या देशातली गरीब घरची मुले आघाडीवर पाठवली गेली आणि त्यातली काही मेली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने अशा दलालांवर गुन्हा नोंदवला. लहान गावातल्या बेकार तरुणाच्या घरात युद्धाची खरी माहिती पोहोचली असेल, तर दलालाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एखादा बाप दोनदा विचार करील. एक मुलगा वाचला तरी ते ज्ञान वाया गेले नाही.

आणि समजा, एकही वाचला नाही. तरी साक्षीचे मोल तिच्या परिणामावर ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२४ अखेरपर्यंत युक्रेनमधील १२ हजारांहून अधिक नागरिकांच्या मृत्यूंची एकेक करून खात्री केली. खरा आकडा याहून मोठा असणार, असेही तेच कार्यालय सांगते. हे काम करणाऱ्यांनीही युद्ध थांबवले नाही. त्यांनी इतकेच केले, की मेलेल्यांना अंदाजात विरघळू दिले नाही. आम्ही वर्गात आता युद्धाची बातमी आली, की मुलांना फळ्यावर तीन प्रश्न लिहायला लावतो : कोण मेले? हे कोणी सांगितले? त्याला ते कसे कळले? उत्तरे पुष्कळदा अपुरी राहतात. मुले ती जागा रिकामी सोडतात, आपल्या मनाने भरत नाहीत.