औंदा आमच्या घरी चांदणी नाही



आगमनकाळात मी घरोघरी भेटी देत असतो. मागच्या वर्षी अशाच एका घरी गेलो. शेजारच्या अंगणात मुले बांबूच्या कमच्यांना पतंगाचा कागद चिकटवून चांदणी करीत होती. या घराच्या दारात मात्र काहीच नव्हते. "फादर, औंदा आमच्या घरी चांदणी लावाची नाही," बाई म्हणाल्या. पावसाळ्यात त्यांचे यजमान वारले होते. मी मान हलवली, प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघालो. तेव्हा बोलायला हवे होते ते आज लिहीत आहे.

दुखवट्याच्या वर्षी सण न करण्याची आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. तिच्यात गेलेल्या माणसाची माया आहे, म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. परंतु ख्रिस्तसभेचा तसा काही नियम नाही. शिवाय या रीतीमागे एक समजूत आहे : घर सजवायचे ते आपल्याला आनंद झाला म्हणून. उधारी करून झगमगाट करणाऱ्यांचीही समजूत हीच असते, फक्त उलट्या बाजूने.

सेमिनरीत न्यायदर्शन शिकताना धुराचे उदाहरण आले होते. (तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ केले.) डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे हे आपण ओळखतो. मग दारावरची चांदणी कशाची खूण? आमच्या घरी सारे ठीक आहे, याची? तसे असेल तर बेथलेहेमला ती लावताच आली नसती. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून मरियेने बाळाला गव्हाणीत निजवले, असे संत लूक सांगतो. देवदूताने मेंढपाळांना खूण दिली तीही तीच : बाळंत्यात गुंडाळलेले, गव्हाणीत ठेवलेले बालक.

असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतील ग्रेचिओ गावी नाताळची गव्हाण मांडली. तेथे एकही मूर्ती नव्हती. गवत, एक बैल, एक गाढव आणि मशाली घेऊन आलेले गावकरी. त्या गव्हाणीवरच मिस्सा अर्पण झाली. (बैल आणि गाढव लूकच्या शुभवर्तमानात नाहीत, ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आपल्या देखाव्यात आले.) दिवंगत पोप फ्रान्सिस 1 डिसेंबर 2019 रोजी त्याच ग्रेचिओला गेले आणि गव्हाणीविषयीच्या पत्रावर त्यांनी तेथे सही केली. पत्राच्या लॅटिन नावाचा अर्थच 'विस्मयकारक खूण' असा आहे. देखावा कसा मांडला याला महत्त्व नाही, तो आपल्या जीवनाशी बोलला पाहिजे, असे त्यांनी त्यात लिहिले.

गवतासाठी आपल्याला दूर जायला नको. डिसेंबरात लाखांदूरच्या शिवारात धानाची मळणी झालेली असते, घरोघरी तणसाचे ढीग असतात. मूठभर तणीस, एक पाटी किंवा टोपली, शेजारी गेलेल्या माणसाचा फोटो आणि एक पणती, एवढे कोणत्याही घरात होते. 24 तारखेच्या रात्रीपर्यंत टोपली रिकामीच ठेवावी. ती रिकामी टोपली दुखवट्याच्या घरी जेवढी समजेल तेवढी दुसरीकडे समजणार नाही. (पणती तणसापासून दूर ठेवा, आणि बल्बची माळ तणसावर टाकू नका. कोरडे तणीस किती लवकर पेट घेते, हे तुम्हाला मी सांगायला नको.)

यंदा आपल्या धर्मग्रामात ज्या घरी दुःख झाले आहे, त्यांची नावे शेजाऱ्यांनी मला रविवारच्या मिस्सेनंतर सांगावीत. घरच्यांची तयारी असेल तरच आपण जाऊ, आग्रह नको. त्या बाईंच्या घरी मी या आठवड्यात जाणार आहे. चांदणी करणारी शेजारची मुले बरोबर येतो म्हणाली आहेत. तणीस मी नेईन.

प्रभूमध्ये आपला,
तुमचा धर्मगुरू