करंज्याचं एक वर्ष

उरण हे एकेकाळी बेट होतं, हे आता उरणच्याच मुलांना सांगावं लागतं. भराव पडले, रस्ते आले, कंटेनरची यार्डं उभी राहिली आणि खाड्या दिसेनाशा झाल्या. तरी मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याकडे निघालेल्या लाँचमधून मागे वळून पाहिलं की द्रोणागिरीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याची सखल जमीन अशी काही वेगळी दिसते, की जुनं करंजा बेट डोळ्यांपुढे उभं राहतं. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने हे बेट पोर्तुगिजांकडून घेतलं आणि जवळजवळ वर्षभर राखलं. इतिहासाच्या पुस्तकांत या वर्षाच्या वाट्याला एखादी ओळ येते. मी त्या ओळीपाशी अनेक वर्षं थबकलो आहे.

ती धामधूम मोठी होती. गोव्याचा विजरई कोंद द आल्व्होर फोंड्यावर चालून गेला, तेव्हा महाराजांनी त्याला मागे रेटलं. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी गोव्याजवळचं जुवे बेट घेतलं, डिसेंबरात गोव्याचीच साष्टी आणि बारदेश. पण शाहजादा शाहआलम मोगली फौज घेऊन रामघाटाने खाली उतरला आणि जानेवारी १६८४ च्या सुरुवातीलाच मराठ्यांना तिथून निघावं लागलं. करंजा ही त्याच युद्धाची उत्तरेकडची बाजू. पनवेल आणि नागोठण्याच्या खाड्यांकडे जाणाऱ्या गलबतांवर इथून नजर राहते. मुंबईकडे जाणाऱ्या मालावर पोर्तुगीज इथे जकात घेत. जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार याच बंदरात वावरे. आणि त्याच डिसेंबरात समोरच्या मुंबईत कॅप्टन केग्विनने ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड केलं, इंग्लंडच्या राजाच्या नावाने नोव्हेंबर १६८४ पर्यंत कारभार चालवला, संभाजी महाराजांशी तहही केला. करंज्याच्या माणसाने त्या वर्षी डोळे वर केले, तर त्याला चारी बाजूंना वेगवेगळ्या सत्ता दिसत होत्या.

मला त्याच्या पायांखालची जमीन पाहायची आहे. हा सगळा खारेपाट. भरतीचं पाणी मातीच्या बांधाने अडवायचं, ओहोटीला बांधातल्या दारातून, म्हणजे उघाडीतून, पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, तेव्हा कुठे भात होतं. रायगडच्या खारेपाटात शेतकऱ्यांनी मिळून बांध राखण्याला ‘जोळ’ म्हणत. हा बांध म्हणजे तटबंदी नव्हे, की एकदा बांधली आणि विसरलं. खेकडे तो पोखरतात, उधाणाच्या लाटा त्याची माती खातात. उन्हाळ्यात चिखल काढून, थापून, दगड लावून तो दर वर्षी उभा करावा लागतो. त्याच उन्हाळ्यात मिठागरं चालतात आणि मोकळा माणूस सापडत नाही. आता फौजेच्या ताब्याचं वर्ष यावर ठेवून पाहा. वर्ष म्हणजे एक उन्हाळा आणि एक पावसाळा, दोन्ही त्यात आलेच. उन्हाळ्यात गावाचे हात वेठीला गेले किंवा माणसं भीतीने खाडीपार निघून गेली, की पावसाळ्याच्या उधाणात बांधाला खांड पडते. खारं पाणी आत शिरलं की एका हंगामाचं भात जातं, एवढ्यावर भागत नाही. मातीतलं मीठ धुऊन निघायला पुढचे कित्येक पावसाळे लागतात. गलबतं परत फिरतात, मीठ मागे राहतं.

म्हणून ‘अल्पकाळचा ताबा’ हा शब्द मला खटकतो. अल्पकाळ कुणाचा? राजधानीतून पाहणाऱ्याचा. खाचरात उभा राहणारा बांधाच्या मापाने काळ मोजतो.

यातून महाराजांची मोहीम चुकीची ठरत नाही. औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला होता, पोर्तुगिजांनी मोगलांना वाट द्यायचं कबूल केलं होतं, अशा वेळी स्वस्थ बसणं म्हणजे स्वराज्य गमावणं. त्यांच्या धाडसाचा मला अभिमान आहे. पण आपल्या फौजेने घेतलेल्या गावातली माणसंही आपलीच होती, आगरी, कोळी, मीठ पिकवणारी, आणि त्या अभिमानात त्यांच्यासाठीही जागा हवी, असं मला मनापासून वाटतं. किल्ल्यांच्या याद्या आपल्याला तोंडपाठ असतात. उघाडी म्हणजे काय, हे मात्र विचारावं लागतं.

१७३७ मध्ये मराठे करंज्याला परत आले. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी मुंबईलगतची साष्टी (गोव्याची नव्हे) काढून घेतली, तिच्यापाठोपाठ हे बेटही गेलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिलं. आज इथे नौदलाचा तळ आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये शाळेच्या मुलांनी शस्त्रधारी माणसं पाहिल्याचं सांगितलं आणि सगळं उरण शोधमोहिमेने वेढलं गेलं. मुंबईच्या तोंडावरच्या गावाने सीमा होणं काही सोडलेलं नाही.

आणि बांधाचं म्हणाल, तर उरणच्या पूर्वेकडच्या गावांत तो अजूनही फुटतो. उधाणाचं पाणी खाचरात पसरतं, आणि ओहोटीला बांधावर उभा राहिलेला म्हातारा शेतकरी हे रान पुन्हा पिकायला किती पावसाळे जातील, ते बोटांवर मोजतो.