सहवासाविना संगत

मराठीत गायकाला तबला-पेटीवर दिल्या जाणाऱ्या साथीला ‘संगत’ म्हणतात आणि माणसाच्या सहवासालाही ‘संगत’च म्हणतात, हे दोन अर्थ वेगळे काढण्याची गरज सहसा पडली नाही, कारण साथीदार गायकाच्या शेजारीच बसलेला असे. आता एखादा संगीतकार आपल्या रचनेचा अपुरा ट्रॅक इंटरनेटवर ठेवतो, त्याला कधीही न भेटलेला कोणी त्यावर मृदंगम वाजवून पाठवतो आणि तिसरा त्यात आपला गळा मिसळतो. अशा रचनेत साथ आहे, पण सहवास नाही. भक्तिमार्गात संगाला, म्हणजे समानधर्मी माणसांच्या सान्निध्याला, स्वतंत्र साधनेचे स्थान असल्यामुळे, या साथीला संग म्हणता येईल काय, हा प्रश्न केवळ संगीतशास्त्राचा राहत नाही.

पहिला आक्षेप एककालिकतेचा, म्हणजे सर्वांनी एकाच क्षणी असण्याचा आहे. परंतु तो जितका भक्कम दिसतो तितका नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे दिंडीच्या पुढच्या रांगेतील टाळ ३४ मीटर मागे चालणाऱ्या वारकऱ्याला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा ऐकू येतो आणि तरीही दिंडी विस्कटत नाही, कारण प्रत्येक जण कानाबरोबर डोळ्यांनीही, पुढच्याच्या पावलावरून आणि हातावरून, लय सांभाळत असतो. २००५ मध्ये आलेल्या ‘निंजॅम’ या संगणकप्रणालीने तर इंटरनेटवरील विलंब घटवण्याऐवजी तो ठरावीक मात्रांच्या एका पूर्ण आवर्तनाइतका वाढवला. तिच्यात प्रत्येक वादक इतरांचे मागील आवर्तन ऐकत आपले चालू आवर्तन वाजवतो. यावरून विलंबाने साथ अशक्य होत नाही, तिचा प्रकार बदलतो, एवढे निश्चित होते.

खरा आक्षेप प्रत्युत्तराचा आहे. मैफलीत तबल्याच्या एका बोलाने गायकाची पुढची तान बदलते; ट्रॅक ठेवणाऱ्याचे गाणे मात्र आधीच गाऊन झालेले असते आणि मागाहून आलेल्या मृदंगमला ते उत्तर देऊ शकत नाही. येथे सभेचे रूप संपते आणि परंपरेचे रूप सुरू होते, कारण परंपरेतही आधीचा मागाहून येणाऱ्याला ऐकत नाही, मागाहून येणारा तेवढा आधीच्याला ऐकतो.

या भेदाचा विचार करण्यास कुंभकोणमजवळील इन्नंबूर हे गाव विशेष उपयोगी आहे. तेथील शिव ‘एळुत्तरिनाथ’, म्हणजे अक्षर जाणणारा स्वामी, या नावाने ओळखला जातो, त्याचे संस्कृत नाव अक्षरपुरीश्वर असे आहे आणि अगस्त्य ऋषींना तमिळ व्याकरण येथेच मिळाले अशी श्रद्धा आहे. ‘अक्षर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘जे क्षरत नाही, झिजत नाही ते’ असा आहे. मीमांसकांच्या मते शब्द नित्य असून उच्चार त्याला निर्माण करत नाही, फक्त प्रकट करतो; एकाने केलेला उच्चार विरला तरी दुसऱ्याच्या मुखातून तोच शब्द पुन्हा प्रकट होतो. हे मत स्वीकारले, तर एका गळ्यातून निघालेला स्वर दुसऱ्या देशातील वादकाने पुढे चालवणे हा तुटलेला सहवास ठरत नाही, तर एकाच अक्षराचे दोन ठिकाणचे प्रकटन ठरते. मात्र मीमांसकांचा हा सिद्धांत वर्णात्मक शब्दाविषयी आहे, स्वराविषयी नाही, ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

याच परिसरातील दक्षिण भजनसंप्रदाय हा या तत्त्वाचा प्रत्यक्ष नमुना आहे. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूर येथील सद्गुरुस्वामींनी जी भजनपद्धती रुजवली, तिच्या परंपरेत बाराव्या शतकातील जयदेवाची अष्टपदी, पुरंदरदासांची पदे, नारायणतीर्थांचे तरंग आणि नामदेव-तुकारामांचे अभंग एकाच क्रमात गुंफले जातात. तंजावरात १८५५ पर्यंत टिकलेल्या मराठा राजवटीमुळे या प्रदेशाला मराठी पदे परकी राहिली नव्हती. यांतील एकाही रचनाकाराने पुढे येणाऱ्याला ओळखले नव्हते, तरी त्यांच्या रचना एका रात्रीच्या भजनात परस्परांची संगत करतात. फरक इतकाच की तेथे शतके लागली आणि येथे एक आठवडा पुरतो.

परंपरेचे रूप मान्य केले की तिचे धर्मही मान्य करावे लागतात. पहिला धर्म जागा सोडण्याचा. कुशल संगीतकार ट्रॅकच्या आरंभी तानपुऱ्याचा षड्ज आणि लयीचे ठोके ध्वनिमुद्रित करतो, पुण्यात जिला ‘काळी एक’ म्हणतात त्याच पट्टीला कुंभकोणमचा वादक ‘ओन्नरै कट्टै’, म्हणजे दीड कट्टै, म्हणेल हे ओळखून पट्टी स्पष्ट कळवतो आणि मध्ये चार आवर्तने मोकळी ठेवतो. ती मोकळी आवर्तने म्हणजे फळावरचा हक्क अंशतः सोडणे होय. दुसरा धर्म श्रवणाचा, कारण नवविधा भक्तीत कीर्तनाच्याही आधी श्रवण येते, आणि मूळ ट्रॅक मनापासून न ऐकता त्यावर आपले कौशल्य ओतणारा साथ करत नाही, केवळ शेजारी वाजवतो. तिसरा धर्म ऋण मानण्याचा. एकनाथांनी अभंगातील नाममुद्रेत, म्हणजे कवीच्या स्वाक्षरीत, आपल्या नावाला गुरू जनार्दनांचे नाव जोडले आणि कर्तृत्व एकट्याचे नसते हे रचनेच्या आतच नोंदवले.

इन्नंबूरची स्थलकथा याच ठिकाणी येऊन भिडते. चोळ राजाने हिशेबाविषयी संशय घेतला तेव्हा शिवाने मंदिराच्या हिशेबनिसाचे रूप घेऊन राजापुढे चोख हिशेब मांडला, असे ती सांगते; मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे देणे विठू महार होऊन बिदरला भरणाऱ्या विठ्ठलाची कथा मराठी वाचकाला परिचित आहेच. दोन्ही कथांत एकाच्या नावावर दुसऱ्याचे काम जमा होते आणि काम करणारा आपले नाव मागे ठेवत नाही. असे अनाम राहणे देवाला शोभते. परंतु अपुऱ्या ट्रॅकवर मृदंगम वाजवणारा देव नसून ऋणको-धनकोच्या व्यवहारातला माणूस असतो. म्हणून सहवासाविना केलेल्या संगतीला संग म्हणायचे की नाही, हे अंतरावरून वा विलंबावरून ठरत नाही. पूर्ण झालेल्या रचनेचा हिशेब मांडताना ज्याचे अक्षर त्याच्या नावावर लिहिले गेले की नाही, यावरून ते ठरते.